अच्चू आजींच्या आगाऊ शिंका

लंडनजवळ वॉटफर्डला मी ज्या बाईंच्या घरी भाड्याने राहिलो, त्या घरातलं कोणी महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या वाटणीची शिंक आधीच शिंकून टाकायच्या. निघताना शिंक आली तर काम फिसकटतं, यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. पण त्यात त्यांनी एक पळवाट शोधली होती. कामाचं नाव तोंडातून निघाल्यावर आली तर तो अपशकुन. नाव निघायच्या आधी आली तर ती नुसती शिंक. म्हणून त्या पहाटेच मागच्या बागेत जायच्या, तपकिरीची डबी उघडायच्या, चिमूटभर ओढून सणसणीत शिंकायच्या, आणि पदराने नाक पुसत आत येऊन म्हणायच्या, "हं, आगाऊ भरलंय. आता सांग कुठे चाललास."

मराठी मंडळातली पोरं त्यांना अच्चू आजी म्हणायची. ही पोरं तिथेच जन्मलेली, त्यांच्या इंग्रजी कानांना शिंक 'आच्छू' अशीच ऐकू यायची. मला हे ठाऊक नव्हतं. मी पुण्याहून नुकताच आलेला, नव्या नोकरीचं आणि नव्या कोटाचं दडपण घेऊन. अच्चू म्हणजे अच्युताचं लाडाचं रूप, बाईंचं नाव अच्युता असणार, असा मी सरळ हिशोब केला आणि आठवडाभर त्यांना अच्युताताई म्हणत राहिलो. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. उलट 'ओ' देत राहिल्या. शेवटी त्यांचा मुलगा हेमंत जेवायला आला आणि माझी हाक ऐकून त्याच्या नाकातून वरण आलं. तेव्हा कळलं, त्यांचं नाव शालिनी. मी किती वेळा माफी मागितली ते आठवत नाही. त्या म्हणाल्या, "अरे, किती भारदस्त नाव दिलंस. मी तर बदलायचा विचार करत होते. आणि तुझा चेहरा असा नेहमी चोरी पकडल्यासारखा का असतो रे?"

त्यांचं खोटं नव्हतं. मला अपराधी वाटण्याची सवयच आहे. घरात गरम पाणी संपलं तर ते मीच संपवलं असं मला वाटतं, दुसरा कोणी आंघोळ करून बाहेर येत असला तरी. आईवडिलांना पुण्याला सोडून आलो याचं वाटायचं, बायको-मुलीला अजून आणता येत नाही याचं वाटायचं, आणि या दोन्ही गोष्टी विसरून एखाद्या शनिवारी मजेत गेलो तर त्याचं जास्तच वाटायचं. मावशींना हे दोन दिवसांत समजलं. मी त्यांना तेव्हापासून मावशी म्हणू लागलो होतो. संध्याकाळी मी जिन्यावरून उतरलो की त्या विचारायच्या, "आज कशाबद्दल?" आणि मी खरंच सांगायचो.

व्हिसा वाढवायला मला क्रॉयडनला जायचं होतं तेव्हाची गोष्ट. कागदांची पिशवी घेऊन मी खाली आलो आणि "मावशी, मी आज क्रॉ" एवढंच म्हणालो, तर त्यांनी हातातलं उलथनं माझ्यावर रोखलं. मी शब्द गिळला. त्या बागेत गेल्या. तीन शिंका झाल्या. कुंपणापलीकडे एक म्हातारे गोरे गृहस्थ गुलाबांना पाणी घालत असायचे, त्यांनी तिन्ही वेळा "ब्लेस यू" म्हटलं. मावशी आत येऊन म्हणाल्या, "भला माणूस आहे. कारण न विचारता आशीर्वाद देतो." तरीही मी क्रॉयडनचं नाव काढायला धजलो नाही. दक्षिणेला जातोय, एवढंच सांगून निघालो. काम झालं. ते माझ्या कागदांमुळे झालं असं आजतागायत मला छातीठोकपणे म्हणता आलेलं नाही.

इतरांची कामं अशी हौसेने सोडवणाऱ्या या बाई लग्नाच्या मांडवात मात्र कधी पुढे यायच्या नाहीत. मंडळातल्या लग्नांना यायच्या, लाडू वळायला हातभार लावायच्या, नवरीला साडी नेसवायच्या, आणि मंगलाष्टकं सुरू झाली की दिसेनाशा व्हायच्या. मी एकदा गाडीत विसरलेला आहेर आणायला बाहेर गेलो, तर त्या कार पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मध्ये उभ्या. आतून 'सावधान' ऐकू आलं की त्या हॉलच्या भिंतीकडे तोंड करून मूठभर अक्षता टाकायच्या. मला बघून म्हणाल्या, "आत फार उकडतं." बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मी काही विचारलं नाही, आणि न विचारल्याबद्दल घरी येईपर्यंत मनात कुढत राहिलो.

त्या घरात दुसरी भाडेकरू होती लुसिया. ब्राझीलची, तीही पार पश्चिमेकडची, जिथे शहर संपलं की ॲमेझॉनचं जंगल सुरू होतं तिथली. कौन्सिलच्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या तलावावर, ती मुलांना पोहायला शिकवायची. ती राहायला आली त्या दिवशी मावशी तिला खोली दाखवताना स्वतःशीच मराठीत पुटपुटत होत्या, "चावी कुठे ठेवली मेली." लुसिया थबकली. तिच्या पोर्तुगीज भाषेतही चावी म्हणजे जवळजवळ चावीच. मग दोघी घरभर हिंडल्या. बादली जुळली, साबण जुळला, पाव जुळला, आणि काजूपाशी तर लुसियाने मावशींना मिठीच मारली, कारण काजू मुळात त्यांच्याच मातीतला. मावशींचं माहेर रेवदंड्याचं. त्या मला म्हणाल्या, "आमच्या गावात पोर्तुगीज कितीतरी वर्षं राहिले, भाडं न देता. निघताना एवढे शब्द तेवढे ठेवून गेले."

तर असं सगळं सुखाचं चाललं असताना तपकिरीने दगा दिला. इतक्या वर्षांच्या सवयीने नाक निबर झालं होतं. चिमूट ओढली तरी शिंक येईना. मावशींनी कोल्हापूरहून कडक तपकीर मागवली, मिरपूड हुंगली, कागदाची सुरळी नाकात फिरवून पाहिली, उन्हाकडे डोळे करून बागेत उभ्या राहिल्या. काही नाही. आणि मग भलत्याच वेळी, बसच्या रांगेत नाहीतर फोनवर कोणी शुभवार्ता सांगत असताना, पाचसहा शिंका एकदम. हेमंतने त्यांना परागकणांच्या ॲलर्जीवरच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांनी त्या खिडकीत मांडून ठेवल्या. म्हणाल्या, "गोळीने शिंक दबते, जात नाही. दबलेली शिंक डूख धरून बसते."

नेमकं त्याच उन्हाळ्यात हेमंतच्या मुलीचं, ईशाचं लग्न ठरलं. मुलगा इल्फर्डचा, पंजाबी, हसरा. ईशा आजीकडे आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आजी, माझी मंगलाष्टक तूच म्हणायचा. फ्रंटला उभा राहून. माइकवर." मावशींचा आवाज गोड होता आणि मंगलाष्टकं त्या स्वतः रचायच्या, मंडळातल्या निम्म्या लग्नांत त्यांचीच म्हटली जायची, म्हणणारं दुसरं कोणी असायचं. मावशी म्हणाल्या, "मी लिहून देते, तुझी आई म्हणेल." ईशा म्हणाली, "नो. मला तुझा आवाज पाहिजे. नाहीतर सीडी लावते." मावशी वळून भांडी घासू लागल्या. ती भांडी आधीच घासलेली होती.

ईशा गेल्यावर त्यांनी लुसियाला हाक मारली. लुसियाकडे एक लहानशी बाटली होती हे त्यांना माहीत होतं; खोली झाडताना तिचा वास त्यांना आला होता. तिच्या आजीने पाठवलेली ती तिकडच्या जंगलातली तपकीर. लिहितात रापे आणि म्हणतात हापे. "म्हणजे आपल्या हापूसची कोण?" असं मावशींनी विचारून घेतलं. लुसियाची आजी जंगलातल्या आदिवासी बायकांच्या शेजारात वाढली होती, त्यांच्याकडून ती हे करायला शिकली. तंबाखू असायचा, झाडाच्या सालीची राख असायची, कुमारू नावाच्या मोठ्या झाडाच्या काळ्या बिया आणि इंबुराना नावाच्या दुसऱ्या झाडाच्या सुगंधी बिया कुटून घातलेल्या असायच्या. किती आणि कसं ते लुसियाला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, मला फक्त वास माहीत आहे. सर्दी झाली, डोकं जड झालं की घर या वासाने भरायचं.

मावशींनी बूच काढलं आणि डोळे मिटले. राख त्यांनी लगेच ओळखली. "राखुंडी. माझी आजी दात घासायची ती." मग कुमारूपाशी बराच वेळ थांबल्या. "ही जायफळाची धाकटी बहीण आहे. थोरलीपेक्षा गोड आणि जरा नखरेल." इंबुरानाबद्दल म्हणाल्या, नव्या पुस्तकाच्या पानाला कोणी साय लावली तर असा वास येईल. लुसियाला मी जमेल तसं इंग्रजीत सांगत होतो आणि जायफळाची बहीण सांगताना अडखळत होतो, तरी ती इतकी खूश झाली की तिने दुसऱ्या दिवशी फोनवर ते आजीला कळवलं.

पण चिमूट द्यायला ती तयार होईना. हे गमतीने ओढायचं नसतं, म्हणाली. तिच्या घरी हे एकट्याने घ्यायचीही पद्धत नव्हती. लांब नळीच्या एका टोकाला देणारा, दुसऱ्या टोकाला घेणारा, देणाऱ्याने फुंकायचं. आणि घेणाऱ्याने आधी सांगायचं, कशासाठी घेतोय. मावशी नळी हातात फिरवत म्हणाल्या, "ही तर आमची चुलीची फुंकणी. आणि ही माझ्या नाकात फुंकणार? अरे, माझ्या नवऱ्याने कधी माझ्या कानात फुंकलं नाही." लुसिया हसली, पण नळी तिने परत मागितली आणि पुन्हा विचारलं, कशासाठी?

तेव्हा मावशींनी सांगितलं. मी तिथेच होतो. उठून जावं की बसावं हे ठरेना म्हणून बसलो. त्यांच्या धाकट्या बहिणीचं, कुंदाचं लग्न ठरत होतं; स्थळ सांगून आलं म्हणून थोरलीच्याही आधी. मुलाकडची माणसं ओटीवर बसली होती, सुपारी फुटायच्या बेतात होती, आणि दाराआड उभ्या असलेल्या शालिनीला शिंक आली. मुलाचा काका उठून उभा राहिला. बोलणी तिथेच मोडली. घरात कोणी रागावलं नाही. फक्त आई एवढंच म्हणाली, "शालू, शुभकार्यात तू आपली मागे राहत जा." त्या मागे राहिल्या. स्वतःच्या लग्नात बोहल्यावर श्वास कोंडून उभ्या होत्या. हेमंतच्या लग्नातसुद्धा पार्किंगमध्ये. कुंदाचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी या विषयावर दोघी बहिणी कधी बोलल्या नाहीत. "ईशा मला पुढे उभी करणार आहे," मावशी म्हणाल्या. "आणि माझ्याकडे आता आगाऊ भरायला काही उरलेलं नाही. मला फक्त एक शिंक दे, बाई. आधी येणारी."

लुसियाने बागेत खुर्ची मांडली, शेजारी बादली ठेवली, आणि पोहण्याच्या शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं, श्वास धरा, नाकाने ओढू नका. मग फुंकलं. एका नाकपुडीत, मग दुसऱ्या. मावशी ताठ झाल्या. डोळ्यांतून आणि नाकातून धारा लागल्या. मला वाटलं, झालं, आता हेमंतला काय तोंड दाखवू. त्या खोकल्या, बादलीत थुंकल्या, पदर तोंडावर ओढून बसून राहिल्या. कुंपणापलीकडचे गृहस्थ हातात झारी घेऊन वाट बघत होते. शिंक काही आली नाही.

बऱ्याच वेळाने पदर बाजूला झाला. "नाही आली," मावशी म्हणाल्या. पण चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. लुसिया म्हणाली, माझ्या आजीकडे कोणी शिंकलं की ती म्हणते, गेलं. जे आत अडकलं होतं ते बाहेर गेलं. मावशींनी ते माझ्याकडून दोनदा मराठीत वदवून घेतलं. मग नाक शिंकरून म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडे शिंकेने संकट येतं, आणि हिच्याकडे शिंकेने जातं. शिंक तीच ना रे?" मी म्हटलं, तीच असणार. "मग कुठल्या बाजूला बसायचं ते आपण ठरवायचं की काय," असं पुटपुटत त्या आत गेल्या आणि वरणाला फोडणी घातली. ईशाला मात्र त्यांनी एवढंच कळवलं: बघते.

लग्नाच्या दिवशी त्यांना हॉलवर न्यायचं काम माझ्याकडे होतं. मोतिया रंगाची नऊवारी, नाकात नथ. गाडीत बसल्यावर त्यांनी डबी काढली नाही. मी सारखा त्यांच्या पिशवीकडे बघत होतो. शेवटी त्याच म्हणाल्या, "आज काही भरलेलं नाही. जे होईल ते होईल." मी गाडी पार्किंगमध्ये लावली आणि क्षणभर दोघंही तसेच बसून राहिलो. काही बिनसलं असतं तर दोष माझाच असता. लुसियाचं सगळं बोलणं मराठीत आणलं होतं ते मी. मग त्यांनी स्वतःच दार उघडलं आणि हॉलच्या दिशेने चालू लागल्या.

हॉलमध्ये जून महिन्याची फुलं खच्चून भरली होती. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं आणि माइक मावशींकडे दिला. त्या पुढे उभ्या होत्या, ईशापासून हाताच्या अंतरावर. पहिली ओळ किंचित कापरी आली. दुसरी सरळ आली. मराठी माणसांच्या मुठीत अक्षता होत्या, पंजाबी मंडळी मोबाइल उंच धरून होती. तिसऱ्या ओळीला हॉलमध्ये शिंक झाली. ती मावशींची शिंक होती. तोच दणका, तीच शेवटची किंकाळी. पण मावशी तर गात होत्या. शिंकली होती ईशा, अंतरपाटाआड, बाशिंगासकट.

मंडळातल्या वयस्कर बायका जिथल्या तिथे थिजल्या. गुरुजी खाली बघू लागले. हेमंतचा हात अक्षतांसकट हवेत राहिला. मावशींचं गाणं थांबलं होतं. त्या नातीकडे बघत होत्या आणि ईशा नथ सावरत, भेदरून त्यांच्याकडे. मला वाटलं, आता या माइक ठेवतील आणि दाराकडे वळतील. मावशींनी मोकळा हात ईशाच्या डोक्यावर ठेवला आणि माइकवरच म्हणाल्या, "शतंजीव गं बाळा, शतंजीव." लहान मूल शिंकलं की प्रत्येक मराठी घरात म्हणतात तेच. जणू ईशा अजून पाळण्यातच होती. मग जिथे ओळ तुटली होती तिथूनच ती उचलली आणि 'सावधान'पर्यंत आवाज एकदाही हलू दिला नाही. अक्षता पडल्या. त्यानंतर मावशी पहिल्या रांगेच्या सोफ्यावर मधोमध जाऊन बसल्या, त्या उठल्याच नाहीत. फोटोवाल्याने पाहुण्यांचे सगळे गट त्यांच्याभोवती उभे करून काढले.

दोन दिवसांनी त्यांनी मला भारतात बोलायचं फोनचं कार्ड खरवडायला सांगितलं आणि रेवदंड्याला, कुंदाताईंना फोन लावायला लावला. स्पीकर चालू होता. मी उठू लागलो तर म्हणाल्या, बस, मध्येच कट झाला तर परत कोण लावणार. लग्नाची हकीकत झाली, ईशाची शिंक झाली, दोघी हसल्या. मग मावशींनी एका दमात विचारलं, "कुंदे, तुझ्या सुपारीच्या वेळी मी शिंकले, त्याचं तुला कधी वाईट वाटलं का गं?"

मग कुंदाताई म्हणाल्या, "वाईट? मला तो मुलगा नकोच होता. मी घरात रडून सांगितलं होतं, आबा ऐकेनात. तू वेळेवर शिंकलीस. मला वाटलं, माझ्यासाठी मुद्दाम शिंकलीस. देवापुढे साखर ठेवली मी."

"मुद्दाम? अगं, खरी शिंक होती ती."

"हो? मी तर आयुष्यभर तुझे उपकार मानत आले."

"मग एकदा तरी बोलायचं नाहीस?"

"उपकार केलेल्या माणसाला काय सारखं बोलून दाखवायचं? मला वाटलं, तुलाच विषय नको असेल. वाड्यावरच्या लग्नांत मागे उभी राहायचीस, तेव्हा म्हटलं हिला गर्दी आवडत नाही."

कार्ड संपलं. मी दुसरं काढलं तर मावशींनी हात केला, नको. मग उठून उभ्या राहिल्या. "पार्किंगमध्ये उभं राहून अक्षता टाकल्या मी, पोटच्या पोराच्या लग्नात," त्या म्हणाल्या. "आणि ही बया साखर ठेवतेय. सुधीर, हे भांडण फोनवर होणार नाही. तिकीट बघ."

महिन्याभरात त्या गेल्या. हीथ्रोवर लुसिया आणि मी सोडायला होतो; दोघी एकमेकींना काय काय सांगत होत्या ते मला कळलं नाही, काही शब्द जुळत होते तेवढे. परतीचं तिकीट सहा आठवड्यांचं होतं. सहा आठवडे झाल्यावर मी फोन केला, तर म्हणाल्या, अर्धंच झालंय, तिचंही काही म्हणणं आहे. मग तारीख पुढे गेली. मग पुन्हा. दुपारी चहानंतर भांडण सुरू व्हायचं आणि दिवेलागणीला थांबायचं, असं कुंदाताईंचा मुलगा सांगायचा. कोणाचं स्थळ कोणी मोडलं, आईची लाडकी कोण, साखर नेमकी किती ठेवली होती, विषय संपत नव्हते. वॉटफर्डचं घर हेमंतने भाड्याने दिलं. लुसिया लिस्बनला गेली, माझी बायको-मुलगी आली, आम्ही दुसरीकडे राहायला गेलो. हेमंत कधी भेटला की आईच्या तब्येतीचं आनंदाने सांगायचा. त्याची आई माझ्या एका फोन कार्डामुळे सातासमुद्रापलीकडे राहिली, ही गोष्ट तो कधी बोलला नाही, पण त्याच्यासमोर बसलो की मला अजून चहा गोड लागत नाही.

काही वर्षांनी एका रविवारी रेवदंड्याहून फोन आला. कुंदाताईच बोलत होत्या. मावशी दुपारच्या झोपेतच गेल्या होत्या, काही त्रास झाला नव्हता. मी सवयीने सॉरी म्हणालो. कुंदाताई म्हणाल्या, "काल चहाला ती वरचढ ठरली होती रे. आज माझी पाळी होती. भांडण अर्धवट टाकून गेली बघ."